दिल्ली खिडकीतून पाहू नका



दिल्लीहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी बस्तीत दर्शनाला गेले, तर पायरीवरच आक्का भेटल्या. आमच्या गल्लीतल्या बायकांना वर्षानुवर्षे रत्नकरंड श्रावकाचार समजावून सांगणाऱ्या आक्का. आता ऐंशी ओलांडली आहे, पण नजर अजून तशीच. म्हणाल्या, "कुठं होतीस गं आठ दिवस?"

"दिल्लीला."

"हस्तिनापूरला गेला होता होय? महावीरजी पण केलं असेल."

"नाही आक्का. दिल्लीलाच. बघायला."

आक्कांनी चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. "नुसती बघायला? अगं, अनर्थदंड म्हणतात त्याला."

त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. आक्कांचं म्हणणं शास्त्राला सोडून नव्हतं. तीन गुणव्रतांपैकी एक अनर्थदंडव्रत, आणि त्यात प्रमादचर्या म्हणून जे सांगितलं आहे त्यात विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण झाडपाला तोडणं याच्या जोडीला विनाकारण हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणं हेही येतं. मी तर स्वतः हिंडले आणि जाऊबाईंनाही हिंडवलं. दोन्हीकडून सापडले. मग घरी येऊन भाकरी थापता थापता विचार करत राहिले, आणि तो विचार आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी सासूबाईंची गोष्ट सांगते, कारण या प्रवासाचं मूळ त्यांच्यात आहे. सासूबाई आयुष्यात चार वेळा दिल्लीला गेल्या. चारही वेळा यात्रेच्या बसने. तिजारा, हस्तिनापूर, मथुरा, महावीरजी, सोनागिरी अशी ती ठरलेली वाट. बसमध्ये स्वयंपाकी, भांडी, डाळतांदूळ, शेगडी सगळं बरोबर. दिल्लीत बस थांबायची ती लाल मंदिरापाशी, दर्शन होईपर्यंत. मग सगळ्या बायका मोजून परत बसमध्ये. "दिल्ली पाहिली का?" असं कुणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "पाहिली की, बसमधून. लाल किल्ला डाव्या हाताला होता." मागच्या दिवाळीत त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा एकदा सहज बोलून गेल्या, "चारदा गेले, पण त्या मोठ्या रस्त्याच्या आत काय आहे ते काही बघितलं नाही बघ." तक्रार नव्हती ती. पण मला ते वाक्य चावत राहिलं.

आपल्या घरांतून यात्रेला कधी कुणी नाही म्हणत नाही. शिखरजी म्हटलं की नवरे स्वतः तिकिटं काढून देतात, मुलं स्टेशनवर सोडायला येतात, शेजारणी श्रीफळ देतात. पण तीच बाई म्हणाली की मला एक शहर पाहायचं आहे, चार दिवस, काही काम नाही, लग्नकार्य नाही, तर घरात शांतता पसरते. कारण सापडलं पाहिजे. पुरुषाला कारण असतं, त्याचं दुकान असतं, द्राक्षाचा व्यापारी भेटायचा असतो, आणि त्या कारणाच्या आडून तो शहरही पाहून येतो. आपल्याकडे कारण एकच, धर्म. म्हणून आपण देवाच्या दारापर्यंत जातो आणि ते दार ज्या गावात आहे ते गाव न बघताच परततो. हे मला पटत नाही.

तर 2025 च्या फेब्रुवारीअखेर मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाई मिरजेहून गोवा एक्सप्रेसने निघालो. त्याच महिन्यात दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन झालं होतं आणि आपल्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर तिथे अध्यक्ष होत्या. आम्ही पोहोचेपर्यंत संमेलन उरकलं होतं. पण घरातून निघताना ती एक गोष्ट फार कामाला आली. "ताराबाई जाऊन आल्या, आम्हाला काय होतंय?" असं म्हटल्यावर मोठे दीर हसले आणि प्रश्न मिटला. "दोघी बायकाच?" हा प्रश्न मात्र गाडी सुटेपर्यंत चालू होता.

उतरलो चांदणी चौकाजवळच्या एका जैन धर्मशाळेत. खोली साधी, पाणी गाळलेलं, सकाळी आंघोळीला गरम पाणी. पहाटे खाली उतरून मंदिराकडे निघालो तेव्हा रस्ता धुतल्यासारखा मोकळा होता. मी चांदणी चौक म्हणजे गर्दी असंच ऐकलेलं. सकाळी सात वाजता तिथे कबुतरं, झाडूवाले आणि आपण एवढेच असतो. हा आपल्या नेमाचा मला झालेला पहिला फायदा. ज्या बाईला पहाटे उठून दर्शनाला जायची सवय आहे तिला कोणतंही शहर झोपेतून उठताना सापडतं.

लाल मंदिर लाल किल्ल्याच्या अगदी समोर. आताची इमारत 1878 सालची, पण देवस्थान शहाजहानच्या काळातलं. बादशहाच्या फौजेतल्या एका जैन अंमलदाराच्या तंबूत जिनमूर्ती होत्या, तिथून सुरुवात झाली असं सांगतात. म्हणून याला पूर्वी लष्करी मंदिर किंवा उर्दू मंदिर म्हणत. उर्दू म्हणजे छावणी. मला ते नाव फार आवडलं. उर्दू मंदिर! आपल्याकडे कुणाला सांगून पाहा, दोन मिनिटं विश्वासच बसत नाही.

त्याच आवारात पक्ष्यांचा दवाखाना आहे, चॅरिटी बर्ड्स हॉस्पिटल. 1929 साली सुरू झालेला. चपला खाली काढायच्या आणि वर जायचं. पिंजऱ्यांच्या रांगा, प्रत्येकात पंख बांधलेली, पाय बांधलेली कबुतरं, पोपट, चिमण्या. पंख्यात सापडलेली, मांज्याने कापलेली. तिकडे पतंग पंधरा ऑगस्टला उडवतात, आपल्यासारखे संक्रांतीला नाही, त्यामुळे त्या दिवसांत जखमी पक्षी फार येतात. पैसे घेत नाहीत. बरा झाला की पक्ष्याला मोकळं आकाश. मांसाहारी पक्षी आला तर? हा प्रश्न जाऊबाईंनीच विचारला. तर त्याच्यावर उपचार करतात, पण इतरांच्यात ठेवून घेत नाहीत, असं उत्तर मिळालं. जाऊबाई बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपण घरी गुढीपाडव्याला पक्ष्यांना पाण्याचं मातीचं भांडं टांगतो तेवढ्यावर आपलं भूतदयेचं समाधान होतं, नाही वैनी?" मी काही बोलले नाही. सासूबाईंची बस चारदा या इमारतीच्या खाली उभी राहिली होती. वर दवाखाना आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तो "मोठा रस्ता" जो सासूबाईंचा राहून गेला. मैत्रिणींनो, तो रस्ता एका बाईने आखला आहे. शहाजहानची मुलगी जहाँआरा बेगम, तिने 1650 साली. मध्यातून कालवा वाहत होता, आताच्या टाउन हॉलच्या जागेसमोर मोठा चौकोनी हौद होता, त्यात चांदणं उतरायचं, म्हणून चांदणी चौक. आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जी मशीद आहे ती त्याच साली बादशहाच्या फतेहपुरी बेगमेने बांधली. म्हणजे साऱ्या हिंदुस्थानचा सगळ्यात नामांकित बाजार एका बाईने सुरू केला आणि दुसरीने त्याचं टोक बांधलं. आम्ही दोघी सायकल रिक्षात बसून त्या टोकापर्यंत गेलो. आता दिवसा तिथे मोटारी सोडत नाहीत, म्हणून रिक्षातून आरामात दोन्हीकडे पाहता येतं. आधी लाल मंदिर, लगेच गौरीशंकराचं देऊळ, मग ख्रिस्ती लोकांचं चर्च, मग गुरुद्वारा सीसगंज, त्याच्या अंगाला सुनहरी मशीद, आणि शेवटी फतेहपुरी. एका रस्त्यावर इतक्या घंटा, अजान आणि कीर्तन, आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही, कुणाला कुणाचं नवलही वाटत नाही.

सीसगंज हे गुरू तेगबहादूर यांच्या बलिदानाचं ठिकाण, 1675 सालचं. आत डोकं झाकून गेलो. लंगरात जेवायचं नव्हतं, डाळीत कांदा असणार. पण पोळ्या लाटायला बसता येतं का विचारलं तर एका सरदारणीने सरकून जागाच करून दिली. अर्धा तास पोळ्या लाटल्या. त्यांची पोळी आपल्यापेक्षा लहान आणि जाड. माझी पातळ पोळी बघून शेजारची हसली आणि "कहाँ से?" म्हणाली. महाराष्ट्र म्हटल्यावर लगेच, "भगत नामदेवजी के देश से!" आपल्या नामदेवांची पदं त्यांच्या ग्रंथसाहिबात आहेत हे मी शाळेत शिकले होते. पण लाटणं हातात असताना एका परक्या बाईच्या तोंडून ते ऐकणं निराळं. कुणी विचारेल, ते आपलं ठिकाण नव्हे, तिथे बसायचं काय कारण? माझ्या श्रद्धेला त्याने धक्का लागला नाही. मी आत जाताना जी जैन होते तीच बाहेर आले, फक्त हाताला पीठ लागलं होतं.

खाण्याचं लिहिलं नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. दिल्लीत आपल्याला उपाशी राहावं लागतं ही भीती काढून टाका. पराठेवाली गल्ली म्हणून जी प्रसिद्ध आहे तिथल्या जुन्या दुकानांत कांदा लसूण घालतच नाहीत. बटाट्याचा, मुळ्याचा पराठा आपल्याला चालत नाही, पण मटार, पनीर, डाळ, कारलं, पापड, रबडी, काय हवं ते सांगा. पराठा तव्यावर शेकत नाहीत, कढईत तळतात, तेवढं मात्र पोटाने लक्षात ठेवावं. सोबतच्या भाज्या विचारल्या तर पोऱ्या म्हणाला, "आलू की, और सीताफल की." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. सीताफळाची भाजी! बिया काढून करत असतील का, गोड लागत असेल का? जाऊबाई म्हणाल्या, घेऊन तर बघू. वाटीत आला लाल भोपळा. मेथीची फोडणी, आंबटगोड, मऊ. दिल्लीत भोपळ्यालाच सीताफळ म्हणतात आणि आपल्या सीताफळाला शरीफा. हसून हसून पुरेवाट.

एका ठिकाणी राम लड्डू नावाची मुगाच्या डाळीची भजी होती, वर किसलेला मुळा घालून देतात. "मूली नहीं," म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "जैन हो? आलू वाली चटनी भी नहीं दूँगा." चटणीत बटाटा असेल हे आम्हाला सुचलंही नसतं! आपल्याकडे पुण्यामुंबईच्या हॉटेलात जैन म्हणजे काय हे समजावून सांगताना जीव जातो, आणि इथे रस्त्यावरचा माणूस आपल्या आधी आपले नियम पाळतो. दौलत की चाट नावाचा दुधाच्या फेसाचा पदार्थ थंडीत मिळतो. पिवळसर, ढगासारखा. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून सकाळी घुसळतात असं कळल्यावर मी नको म्हटलं. पाहून मात्र घेतलं. पाहण्याला बंधन नाही.

आणि इथेच मला खरा मुद्दा सांगायचा आहे. राजधानीचं शहर संध्याकाळी जागं होतं. आपण संध्याकाळी ताट वाढून ठेवतो आणि सूर्यास्ताला आवरतो. दिल्लीत सूर्य आपल्यापेक्षा जरा लवकरच मावळतो, मार्चच्या सुरुवातीला सव्वासहाच्या सुमारास. पहिल्या दिवशी आम्ही पाचला धर्मशाळेत परत येऊन जेवलो आणि सवयीने खोलीत जाऊन बसलो. सात वाजता खिडकीतून खालचा गलका ऐकू यायला लागला. जाऊबाई म्हणाल्या, "वैनी, आपला रात्रीभोजनाचा त्याग आहे. रात्री बघण्याचा त्याग कुणी घेतलाय?"

मी थक्क झाले. तीस वर्षं नियम पाळते आहे, आणि नियमाबरोबर दिवसही संपवते आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. नियम ताटापुरता होता. आम्ही त्याला सगळी संध्याकाळ देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला जेवण उरकून आम्ही मेट्रोने केंद्रीय सचिवालय स्टेशनवर उतरलो. मेट्रोत पहिला डबा बायकांचा असतो, त्यामुळे "दोघी बायकाच" या प्रश्नाचं उत्तर परस्पर मिळालं. कर्तव्य पथावर दिवे लागलेले, एका टोकाला राष्ट्रपती भवन, दुसऱ्या टोकाला इंडिया गेट. 42 मीटर उंच, अंगावर हजारो सैनिकांची नावं कोरलेली. मध्ये हिरवळ, पाण्याचे लांब पाट, आणि माणसं, माणसं, माणसं. कुठल्या कुठल्या राज्यांतली कुटुंबं. चटई पसरून बसलेल्या आज्या. फुगेवाले. शेगडीवर भाजलेल्या रताळ्याचा वास इतका दरवळत होता की काय सांगू. रताळं म्हणजे कंदमूळ, शिवाय रात्र, म्हणजे दोन कुलुपं! आम्ही दोघी दोन तास काहीही न खाता, पाण्याचा घोटही न घेता तिथे फिरलो, बसलो, लोकांची बाळं खेळवली. तामिळनाडूच्या एका आजींशी खुणांनीच बोललो. इतकी हलकी संध्याकाळ कितीतरी वर्षांत गेली नव्हती. ज्यांच्या हातात प्लेट होती ते प्लेटकडे बघत होते. आमचे डोळे मोकळे होते.

नवी दिल्ली वयाने तशी लहान आहे हो. राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा 1911 च्या दरबारात झाली आणि नव्या शहराचं उद्घाटन 1931 मध्ये. माझ्या आजेसासूबाईंच्या लग्नाच्या आसपासचं शहर. जुनी दिल्ली मात्र फार जुनी. दोन्हींच्या मध्ये मेट्रोची काही स्टेशनं, पण उतरलं की हवा, चाल, आवाज सगळं बदलतं. मला विचाराल तर जीव जडला तो जुनीवर. नवी बघायची आणि जुनीत राहायचं.

किनारी बाजाराविषयी थोडक्यात आवरते, नाहीतर लेख तिथेच संपेल. गोटा, जर, लेस, तोरणं, लग्नाचे शेले, गल्लीभर चकचकाट. त्याच गल्लीतून एका दरवाज्यातून आत वळलं की नौघरा, म्हणजे नऊ घरांची छोटी गल्ली. रंगवलेल्या कमानी, दगडी ओटे आणि शेवटाला श्वेतांबर मंदिर. बाहेरचा गोंधळ तिथे एकदम थांबतो. जवळच धरमपुऱ्यात आपलं दिगंबर नया मंदिर, राजा हरसुखरायांनी बांधलेलं, 1807 सालचं. मुघलांच्या काळात दिल्लीतल्या जैन मंदिरांना शिखर बांधू देत नसत. या मंदिराला पहिलं शिखर चढलं. आपण शिखर गृहीत धरतो. बस्तीवर असतंच, दुरून दिसतंच. तिथे खाली उभं राहून मान वर करून पाहताना मला पहिल्यांदा वाटलं, की शिखर हीसुद्धा कुणीतरी मिळवलेली गोष्ट आहे.

कुतुबमिनारला मात्र मी जरा मन घट्ट करून गेले. तिथल्या मशिदीला 27 हिंदू आणि जैन मंदिरांचे दगड वापरले असं तिथल्याच शिलालेखात लिहिलं आहे. ओळीने उभे खांब, त्यांवर घंटा, साखळ्या, कमळं, आणि कुठे कुठे झिजवलेल्या चेहऱ्याच्या बसलेल्या आकृती. हात लावावासा वाटला, लावला नाही. राग येईल असं वाटलं होतं. आला तो राग नव्हता, माहेरचं घर विकल्यावर त्या गल्लीतून जाताना जसं होतं तसं काहीतरी होतं. जवळच्या टेकडीवर अहिंसा स्थळ आहे, तिथे महावीर भगवान पद्मासनात बसलेले आहेत आणि त्यांच्यासमोरून कुतुबमिनार दिसतो. आम्ही तिथे णमोकार म्हणत बराच वेळ बसलो. काटेसावरी लाल फुलल्या होत्या.

याच भागात पूर्वी तोमर राजांची ढिल्ली होती. आणि आता आक्कांना जे उत्तर द्यायचं होतं ते. मला ही गोष्ट जाण्याआधी ठाऊक नव्हती. विबुध श्रीधर नावाचा एक जैन कवी होता. हरियाणाकडून यमुना ओलांडून तो ढिल्लीला आला, म्हणजे आमच्यासारखाच पाहुणा. नट्टल साहू नावाच्या तिथल्या जैन श्रेष्ठीच्या सांगण्यावरून त्याने विक्रम संवत 1189, म्हणजे इसवी सन 1132 मध्ये, अपभ्रंश भाषेत पार्श्वनाथांचं चरित्र लिहिलं, 'पासणाहचरिउ'. आणि त्या धर्मग्रंथात अनंगपाळ राजाच्या ढिल्ली नगराचं कौतुकाने वर्णन केलं. या शहराचं नाव साहित्यात जिथे जिथे फार लवकर सापडतं त्यांतला हा एक ग्रंथ. त्याला तीर्थंकरांचं चरित्र सांगताना डोळ्यांपुढचं शहर गाळावंसं वाटलं नाही.

मला वाटतं, अनर्थ हा शब्द पायांना लागत नाही, लक्ष कुठे आहे त्याला लागतो. बसमध्ये बसून दर्शनाच्या रांगेत कोण पुढे घुसली याच्या गप्पा मारत चार राज्यं ओलांडली तर ते हिंडणं सार्थ, आणि एका बाईने आखलेला रस्ता डोळे उघडे ठेवून चालला तर ते व्यर्थ, हा हिशेब मला जमत नाही. यात्रा कमी करा असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्या डोक्यावरून शिखरजीची माती अजून उतरलेली नाही. पण यात्रेच्या कागदावर चार दिवस जास्त लिहा. बस निघायच्या आधी सांगा, की आम्ही तिघी इथे उतरतो, मागून रेल्वेने येतो. पन्नाशी झाली, मुलं मोठी झाली, सून घर सांभाळते आहे, मग कुणाची वाट पाहायची? गुडघ्यांची?

अडचणी आल्याच. हवा वाईट, दोन दिवस माझा घसा धरला होता. एका रिक्षावाल्याने दुप्पट घेतले आणि आम्ही दिले, कारण आम्हाला भाव आधी ठरवायचं सुचलं नाही. नऊच्या आत खोलीवर परतायचं हे आम्ही स्वतःला घालून घेतलं होतं आणि ते पाळलं. सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं हे कळलं ते दारात उभं राहिल्यावर, म्हणून मंगळवारी पुन्हा गेलो. बरं झालं गेलो. राजस्थानातल्या पल्लू गावी सापडलेली बाराव्या शतकातली संगमरवरी जैन सरस्वती तिथे आहे. बोटं बघा तिची. आणि मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी, पुस्तकात केवढी मोठी वाटते! प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटर, माझ्या लाटण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. कमरेवर हात ठेवून अशी उभी आहे की जणू विचारते, "आलात का शेवटी?"

परवा बस्तीत आक्कांना विबुध श्रीधरांची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "बरं, त्यानं बघून पार्श्वनाथांचं चरित्र लिहिलं. तू काय लिहिलंस?" आक्कांना हरवणं कठीण. पण त्या दिवसापासून मी हा लेख लिहायला घेतला.

सासूबाईंना मात्र मी रोज थोडं थोडं सांगते. दवाखान्यातली कबुतरं त्यांनी दोनदा ऐकली. जहाँआराचं ऐकून म्हणाल्या, "बापाचं राज्य होतं म्हणून जमलं तिला." आणि चांदण्याच्या हौदाचं ऐकून गप्प झाल्या. अष्टमी गेल्यावर नवमीला त्यांनी फर्मान काढलं, "ती सीताफळाची भाजी कर गं." मी लाल भोपळा चिरला, मेथीची फोडणी दिली, चिंच, गूळ घातला. सूर्य मावळायला अर्धा तास होता. त्यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर आपला भोपळाच की." आणि वाटी पुढे केली, अजून वाढ म्हणून.